जे वाचणार नाहीत, त्यांचं काय?

भूकंप असो, युद्ध असो की निर्वासितांची छावणी, वैद्यकीय पथक पोचलं की आधी जखमींची वर्गवारी होते. लगेच हात लावायला हवा असे, थोडे थांबू शकतील असे, आणि हाताशी आहे त्या साधनांत वाचणार नाहीत असे. या शेवटच्या गटासाठी काय करायचं, हे मदतकार्याच्या नियमांत फार उशिरा लिहिलं गेलं. जगभरच्या मदतसंस्था ज्या 'स्फिअर' पुस्तिकेचे निकष पाळतात, तिच्यात पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बरं करण्यापेक्षा वेदना आणि त्रास कमी करणारी काळजी, स्वतंत्रपणे आली ती 2018च्या आवृत्तीत. जागतिक आरोग्य संघटनेची आपत्तीकाळासाठीची मार्गदर्शिकाही त्याच वर्षीची.

हा उशीर खटकतो, कारण मदतकार्याचा जन्मच मरणाऱ्यांच्या उशाशी झाला आहे. 1859मध्ये सोल्फेरिनोच्या लढाईनंतर आँरी द्यूनां हा स्विस व्यापारी शेजारच्या गावातल्या चर्चमध्ये जखमी सैनिकांना पाणी पाजत होता, त्यांचे घरच्यांसाठीचे निरोप ऐकून घेत होता. तो डॉक्टर नव्हता, जीव वाचवणं त्याच्या हातात नव्हतं. त्या अनुभवातून 1863मध्ये रेडक्रॉस उभी राहिली. पुण्यात 1897च्या प्लेगच्या साथीत खात्रीचा इलाज नव्हताच. तरीही सावित्रीबाई फुले यांनी दत्तक मुलगा डॉ. यशवंत यांच्यासोबत शहराबाहेर रुग्णांची शुश्रूषा केली. त्यातच प्लेग होऊन 10 मार्चला त्या गेल्या.

पुढच्या शतकात शस्त्रक्रिया सुधारल्या, लसी आणि प्रतिजैविकं आली. किती जीव वाचले, एवढंच मग मोजलं जाऊ लागलं. बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची काळजी वेगळ्याच वाटेने वाढत राहिली. सिसिली साँडर्स यांनी 1967मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांसाठीचं शुश्रूषाघर, सुरू केलं. मग मुंबईत 1986मध्ये शांती अवेदना हे हॉस्पिस, 1993मध्ये केरळात कालिकतची स्वयंसेवकांच्या बळावर घरोघरी पोचलेली चळवळ आणि 1997मध्ये आपल्या पुण्यातल्या वारज्यात सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र. तिथे उपचार मोफत असतात आणि घरच्या माणसांना सोबत ठेवून काळजी कशी घ्यायची हे शिकवलं जातं. पण हा सगळा अनुभव मुख्यतः कॅन्सरभोवतीचा. आपत्तीत धावणारी पथकं आणि ही मंडळी यांची गाठ क्वचितच पडली.

अफूपासून बनणाऱ्या मॉर्फिन या तीव्र वेदनेवरच्या औषधाची गोष्ट तर फारच क्लेशदायक आहे. भारत कायदेशीर अफू पिकवतो, निर्यातही करतो. पण 1985चा अमली पदार्थविरोधी कायदा आला आणि परवान्यांच्या जाचामुळे देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर 1997पर्यंत नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णाला स्वस्त गोळी मिळेना, कारण दवाखान्यांना तिची कागदपत्रं झेपत नव्हती. कायद्यात दुरुस्ती झाली 2014मध्ये. जगाचं चित्रही असंच आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2017मध्ये मांडलेल्या हिशोबात वर्षाला वाटल्या जाणाऱ्या, मॉर्फिनच्या मापात मोजलेल्या सुमारे 298 टन अफूवर्गीय वेदनाशामक औषधांपैकी सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला जेमतेम 0.1 टन आलं होतं. आपत्तीत तर सीमा ओलांडून मॉर्फिन न्यायला आयात-निर्यातीचे वेगळे परवाने लागतात, आणि भूकंप त्यांच्यासाठी थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1996मध्येच यासाठी सुटसुटीत पद्धत सुचवली होती.

डोळे उघडले ते पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाने. 2014 ते 2016 या काळात 11 हजारांहून अधिक माणसं गेली, त्यातली कितीतरी विलगीकरणात, आपल्या माणसांपासून दूर. 2017मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले, तेव्हा त्यांच्यात कॅन्सरचे, अर्धांगवायूचे, जुनाट जखमांचे रुग्णही होते. ते छावणीत कुठल्याच तातडीच्या यादीत बसत नव्हते. आणि मग कोविड. पुण्यात कितीतरी घरांतला माणूस एकटाच दवाखान्यात गेला आणि अंत्यदर्शनही झालं नाही. धाप कमी करायला मॉर्फिनच्या लहान मात्रेचा उपयोग होतो, हे तेव्हा सर्वत्र माहीत असतं तर काहींचे शेवटचे तास तरी सुसह्य झाले असते.

किल्लारी असो की माळीण, पुण्यातून मदत नेहमीच निघते. त्या गाड्यांत तांदूळ, ब्लँकेट, सलाइन असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018च्या यादीतलं सामान काही अवघड नाही: मॉर्फिन आणि ते ठेवायला कुलूपबंद पेटी, बद्धकोष्ठतेवर लॅक्ट्युलोज, लघवीची नळी, अंगाला जखमा होऊ न देणारी गादी, मोठ्यांचे डायपर, चार्ज होणारी विजेरी. त्यातलं बरंचसं वापरायला शिकवू शकणारी माणसं वारज्यात आहेत. त्यांना जिल्ह्याच्या आपत्ती-बैठकीला बोलवायला हवं.