काखेतली पहारेकरी गाठ

डिओडरंट लावल्याने काखेतला घाम अडतो, घामावाटे बाहेर पडणारं विष आतल्या गाठींमध्ये साचतं आणि त्यातून स्तनाचा कर्करोग होतो, असा संदेश व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. सुशिक्षित घरांतूनही तो पुढे पाठवला जातो. तो चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे समजून घेताना काखेची रचना फार छान उलगडते.

घामाच्या ग्रंथी कातडीत असतात आणि त्यांची नळी वरच्या बाजूला उघडते. संदेशातल्या ‘गाठी’ म्हणजे लसीका ग्रंथी. त्या कातडीखाली, खोल चरबीत असतात. घामाच्या ग्रंथीतून लसीका ग्रंथीत जाणारी नळी मुळात नाहीच. घामाचं मुख्य काम अंग गार ठेवण्याचं. टाकाऊ द्रव्यांची विल्हेवाट प्रामुख्याने यकृत आणि मूत्रपिंडं लावतात. सिएटलच्या संशोधकांनी २००२ साली स्तनाचा कर्करोग झालेल्या ८१३ आणि न झालेल्या ७९३ स्त्रियांच्या सवयींची तुलना केली. डिओडरंट आणि कर्करोग यांचा संबंध त्यांना आढळला नाही. स्तनाच्या वरच्या, बाहेरच्या भागात कर्करोग जास्त आढळतात हे मात्र खरं आहे. त्याचं कारण साधं आहे: स्तनाच्या ऊती त्याच भागात जास्त असतात, आणि त्यांची एक शेपटी थेट काखेत शिरते.

आता काख. चार भिंती आणि वर मानेकडे निमुळतं होत जाणारं टोक अशी ही पिरॅमिडच्या आकाराची पोकळी आहे. अंगठा काखेत आणि बोटं छातीवर ठेवून चिमटीत येणारी पुढची जाड घडी म्हणजे छातीचा मोठा स्नायू. मागच्या घडीत पाठीचा रुंद स्नायू. आतल्या बाजूला बरगड्या, बाहेरच्या बाजूला दंडाचं हाड. या पोकळीतून हाताची मुख्य धमनी, मुख्य शीर आणि मानेतून निघणाऱ्या पाच चेतामुळांचं जाळं हातात उतरतं. मोटरसायकलवरून खांद्यावर पडल्यावर कधीकधी सगळा हात लुळा पडतो, तो हेच जाळं ताणलं किंवा तुटलं गेल्यामुळे. त्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल. मला आज रमायचं आहे ते या सगळ्याभोवतीच्या चरबीत दडलेल्या वीस-तीस लसीका ग्रंथींमध्ये.

केशवाहिन्यांतून रक्तातला द्रव सतत पेशींच्या फटींमध्ये झिरपतो. त्यातला जो भाग रक्तात परत शिरत नाही तो लसीकावाहिन्या उचलतात; हाच द्रव म्हणजे लसीका. त्यांच्या टोकाच्या पेशी एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात. बाहेर द्रव वाढला की बारीक तंतू या पेशींच्या कडा ओढून उघडतात. वाहिनी भरली की आतल्या दाबाने त्याच कडा मिटतात. पुढे ठरावीक अंतरावर झडपा असतात आणि दोन झडपांमधला तुकडा स्वतः आकुंचन पावून द्रव पुढे ढकलतो. हृदयासारखा मध्यवर्ती पंप नाही, पण दिशा मात्र पक्की. संपूर्ण हात, स्तनाचा बहुतांश भाग, बेंबीच्या वरची छाती-पोटाची कातडी आणि पाठीची वरची बाजू, या साऱ्यांची लसीका त्या त्या बाजूच्या काखेत येते.

ग्रंथीत शिरल्यावर ही लसीका मंदावते. तिथल्या भक्षक पेशी जंतू गिळतात, त्यांचे तुकडे लिम्फोसाइट या संरक्षक पेशींना दाखवतात. ओळख पटली की त्या पेशी भराभर विभागू लागतात आणि ग्रंथी फुगते. बोटाला काटा लागून पू झाला की काखेत अवधाण येतं ते असं. बाळाला डाव्या दंडावर बीसीजी टोचल्यावर कधीकधी डाव्याच काखेत गाठ लागते. कोविडच्या लशीनंतरही ज्या दंडावर सुई त्याच काखेत गाठी दिसत होत्या. १८९६ साली मुंबईत आणि पुढल्या वर्षी पुण्यात प्लेग शिरला तेव्हा प्लेगचे डॉक्टर आणि सोजीर लोकांच्या काखा-जांघा चाचपत होते, त्यामागेही हेच शरीरशास्त्र होतं: पिसू जिथे चावली तिथली लसीका ज्या ग्रंथीकडे जाते तिथे गाठ. शास्त्र बरोबर होतं, माणसांशी वागण्याची रीत निर्दयी होती. त्या संतापातून पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली.

कर्करोगाच्या पेशीही याच वाटेने निघतात. अमेरिकन शल्यविशारद हॅल्स्टेड यांनी १८९४ साली जी शस्त्रक्रिया मांडली तिच्यामागे कर्करोग पायरीपायरीने पसरतो हा विचार होता. म्हणून स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी एकत्र काढून टाकत. जवळजवळ ऐंशी वर्षं स्त्रियांनी ही शस्त्रक्रिया सोसली. अमेरिकन सर्जन बर्नार्ड फिशर यांनी १९७१ साली सुरू केलेल्या चाचणीने तिला धक्का दिला. चाचपून काखेत गाठी लागत नसलेल्या स्त्रियांचे चिठ्ठी टाकल्यासारखे तीन गट केले: एकात काखही साफ केली, दुसऱ्यात काखेला हात न लावता किरणोपचार दिले, तिसऱ्यात गाठ आलीच तर पुढे काढायची असं ठरवलं. पहिल्या गटात सुमारे ४० टक्के स्त्रियांच्या ग्रंथींत कर्करोग सापडला. तिसऱ्या गटातही तेवढाच असणार. पण पुढे गाठ वर आली ती जेमतेम १८-१९ टक्क्यांत. पंचवीस वर्षांनी तिन्ही गटांच्या जगण्यात फरक नव्हता. आजाराचं भवितव्य काखेतल्या ग्रंथींवरून कळतं, पण त्या सरसकट काढल्याने ते बदलत नाही.

मग प्रश्न उरला, सगळी काख न उघडता ती खबर कशी काढायची? ओढ्याचं पाणी आधी पहिल्या बंधाऱ्याशी थांबतं, तशी स्तनाची लसीका आधी एखाद-दोन ग्रंथींमध्येच पोचते. त्या पहारेकरी ग्रंथी. स्तनात निळा रंग किंवा टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य टोचतात. त्याची किरणं सहा तासांत निम्मी होतात. लसीकावाहिन्या ते काखेत नेतात, आणि सर्जन निळी दिसणारी किंवा गॅमा प्रोब (किरणं टिपणारं उपकरण) टिकटिकवणारी ग्रंथी तेवढी काढून तपासायला देतो. ती स्वच्छ असेल तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. ५,६११ स्त्रियांच्या एका चाचणीत, ग्रंथी स्वच्छ असताना उरलेली काख साफ केली किंवा तशीच ठेवली तरी जगण्यात फरक पडला नाही. हाताच्या सुजेत मात्र मोठा फरक पडतो: पूर्ण सफाईनंतर साधारण पाचात एका स्त्रीचा हात कायमचा सुजतो, पहारेकरी ग्रंथीच काढल्यास वीसात एकीच्या आसपास.

गॅमा प्रोब आणि किरणोत्सारी द्रव्य सगळीकडे मिळत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या सर्जननी म्हणून काखेच्या खालच्या थरातली चरबी ग्रंथींसकट काढून तपासण्याची पद्धत अभ्यासली. तिची वरची हद्द त्यांनी एका चेतातंतूवरून आखली, जो छातीतून निघून काखेतून दंडाच्या आतल्या कातडीकडे जातो. उपकरण नसेल तिथे शरीररचनाच खूण होते, हे मला या सगळ्या कथेत सर्वांत आवडलं. याच शस्त्रक्रियेत बरगड्यांवरून खाली जाणारी एक लांब चेता जपावी लागते. ती दुखावली तर फऱ्याचं हाड पंखासारखं पाठीतून बाहेर येतं आणि हात डोक्यावर नेणं अवघड होतं.

‘गाठीला सुई लावली की कर्करोग पसरतो’ ही समजूत मात्र डिओडरंटच्या संदेशापेक्षा जास्त घातक आहे, कारण तिच्यापायी माणसं डाग देणाऱ्याकडे किंवा गाठ उतरवणाऱ्याकडे जातात आणि महिने वाया घालवतात. सुईने घेतलेले चार थेंब पाहून क्षय, साधा संसर्ग की कर्करोग हे बरेचदा कळतं, आणि काखेतल्या गाठीचं कारण क्षयही असतो. काखमांजरी दुखते, लाल होते, पिकते. तिच्याकडे कोणी दुर्लक्ष करत नाही. न दुखणारी, टणक, हलवली तरी न सरकणारी गाठ लोक अंगावर काढतात. चाचपताना हात वर उचलू नये, कारण काखेचा पडदा ताणला जातो आणि गाठ लागत नाही. हात सैल सोडून, दुसऱ्या हाताची बोटं वर घालून बरगड्यांवर दाबत खाली आणावीत. दोन-तीन आठवड्यांत न बसलेली गाठ असेल तर डॉक्टरांना काखेबरोबर स्तन, हात आणि पाठही तपासायला सांगावं.