पोटमाळ्यावरून भंगारात: ठाण्यातल्या जुन्या कॅमेऱ्यांची पार्श्वभूमी

नौपाड्यात एखादी जुनी बिल्डिंग पाडायला काढली की आठवडाभर आधीपासून भंगारवाल्यांच्या हातगाड्या खाली उभ्या राहतात. वाशीत सिडकोच्या जुन्या सोसायट्यांखालीही हेच चित्र. पितळी समई नव्या घरी जाते, रद्दी किलोवर जाते, आणि या दोन्हींत न बसणारी एक वस्तू हमखास निघते: चामड्याच्या कव्हरातला कॅमेरा. आजोबा गेलेले, नातवाला तो उघडायचा कसा हेही ठाऊक नसतं. मग तो प्लास्टिकच्या ढिगावर पडतो.

माझा आग्फा क्लिक थ्री असाच कुकरच्या दोन झाकणांखाली सापडला. तीनशे रुपये मोजले. कव्हराच्या आत बॉलपेनने लिहिलेलं, ‘माथेरान, मे ७४’. मागच्या लाल खिडकीत आकडा दिसत होता ७. म्हणजे आत रोल होता आणि पाचेक फोटो काढायचे राहून गेले होते. झाकण तिथेच उघडलं असतं तर उजेड लागून होतं नव्हतं तेही गेलं असतं. शेवटपर्यंत रोल गुंडाळला, मगच घरी काढला.

घरोघरी हाच कॅमेरा का निघतो, याचं उत्तर बडोद्यात आहे. परकीय चलनाच्या टंचाईच्या काळात बाहेरचा कॅमेरा नोकरदाराच्या आवाक्यात नव्हता. तेव्हा आग्फाच्या सहकार्याने न्यू इंडिया इंडस्ट्रीज ही कंपनी बडोद्यात क्लिक थ्री बनवू लागली. प्लास्टिकचा डबा, साधं भिंग, ऊन आणि ढग अशा खुणा. फोकस करायचं काम नाही, त्यामुळे बारशापासून मुंजीपर्यंत कोणीही तो हातात घ्यावा. १२० मापाच्या रोलवर बारा चौकोनी फोटो यायचे, म्हणून प्रत्येक फोटो विचार करून काढला जायचा. कृष्णधवल रोल हवा तर उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ होता. ही सरकारी कंपनी १९६० सालची.

खरी गंमत या १२० च्या मापात आहे. कोडॅकने ते १९०१ मध्ये बाजारात आणलं आणि त्याचे रोल आजही तयार होतात. त्यामुळे भंगारातला सगळ्यात गरीब कॅमेरा अजून चालतो. त्याच्यानंतर एकाहत्तर वर्षांनी, १९७२ मध्ये आलेल्या ११० च्या कॅसेटवाल्या चपट्या कॅमेऱ्याला मात्र रोल शोधत हिंडावं लागतं. स्वस्त दिसला म्हणून तो उचलू नये, एवढं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रवाह रशियाचा. सोव्हिएत संघाशी आपला व्यापार रुपयात चालायचा, डॉलर लागत नसे. झेनिट हा कॅमेरा त्याच काळातला, हातात वीट धरल्यासारखा जड. झेनिट-ई मॉडेलमध्ये प्रकाश मोजायला सेलेनियमचा मीटर असतो. त्याला बॅटरी लागत नाही, उन्हात धरल्यावर काटा हलला तर जिवंत. काटा मेलेला असला तरी त्यावरची ५८ मिलिमीटरची हेलिओस लेन्स बघून घ्यावी. आजचे डिजिटलवाले अडॅप्टर लावून तिने फोटोत उमटणाऱ्या भोवऱ्यासारख्या धूसर पार्श्वभूमीसाठी वेडे झालेत. मुंबईच्या चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर दुकानदारांना हे केव्हाच कळलंय, तिथे घासाघीस करून फार काही हाती लागत नाही. आपल्याकडच्या भंगारवाल्याच्या लेखी अजून ते लोखंडच आहे.

तिसरे म्हणजे गल्फमधल्या मामा-काकांनी आणलेले याशिका कॅमेरे. त्यांची फार पडताळणी करावी लागते. मागच्या झाकणाचा काळा फोम विरघळून डांबरासारखा बोटांना चिकटतो; तो बदलता येतो, घाबरू नये. पण मोबाइलचा टॉर्च लेन्समधून टाकल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. चार-चार महिने पावसाळ्याची ओल खाणाऱ्या ठाण्यात, डांबराच्या गोळ्यांसकट कपाटात कोंडलेल्या दहांतल्या किती लेन्स वाचणार? शटर एक सेकंदावर ठेवून कानाशी धरावं. कुरकुरत मधेच अडकलं तर आतलं वंगण सुकलंय, आणि दुरुस्ती कॅमेऱ्यापेक्षा महाग पडते.

महाग तर रोलही पडतो. कोडॅकने २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा फिल्म संपली असंच सगळ्यांना वाटलं होतं. ती संपली नाही, मात्र आज रंगीत रोलचा एक डबा माझ्या क्लिक थ्रीपेक्षा महाग येतो.

तो जुना रोल मी धुवून घेतला. बाकी सगळं काळवंडलेलं, दोन फोटोंवर काहीतरी उमटलंय. एकावर नुसता उजेडाचा पट्टा, दुसऱ्यावर घोडा आणि त्याचा लगाम धरलेला बांगड्या घातलेला हात.