बालकर्करोग संशोधनाला वस्तुरूप देणगी: अर्ज नेमका कुठे अडतो

‘पैसे देणं जमणार नाही, पण माल आहे, यंत्रं आहेत, कामाची माणसं आहेत. ते चालेल का?’ व्यवसायांचा हा प्रश्न नेहमीचा. चालतं. पण असे बरेच अर्ज परत येतात, आणि परत येण्याची कारणं बहुतेक वेळा तीच ती असतात.

पात्रता सोपी आहे. व्यवसाय नोंदणीकृत हवा आणि सही करणाऱ्याला तसा अधिकार हवा. नोंदणीचा दाखला, अधिकारपत्र, वस्तूंची यादी एवढ्यावर पहिलं पान भागतं. (एकच दाखला तीन टेबलांवर तीनदा मागतात. का, ते विचारू नका. प्रती जास्तच न्या.)

पहिली चूक वस्तू निवडतानाच होते. खेळणी, पांघरुणं, रंगपेट्या वॉर्डातल्या मुलांसाठी असतात आणि त्यांचा अर्ज वेगळा. संशोधनाच्या अर्जावर त्या लिहिल्या की अर्ज बाद. संशोधनाची गरज निराळी आहे. जगात दरवर्षी 0 ते 19 वयोगटातल्या सुमारे 4 लाख मुलांना कर्करोग होतो, पण त्याचे प्रकार इतके की एकेका प्रकाराची मुलं एका रुग्णालयात मोजकीच सापडतात. म्हणून अनेक रुग्णालयांतून नमुने गोळा करावे लागतात. अशा वेळी शीतवाहतूक करणाऱ्या कंपनीने दिलेल्या फेऱ्या, मोठ्या संगणकावर आकडेमोडीसाठी दिलेले तास, संख्याशास्त्रज्ञाचा वेळ किंवा चाचणीत सहभागी मुलांच्या पालकांची राहण्याची सोय या गोष्टी जुन्या संगणकांपेक्षा कितीतरी उपयोगी पडतात. संगणक द्यायचेच असतील तर प्रत्येकाच्या अनुक्रमांकासह माहिती पुसल्याचा दाखला जोडा. सॉफ्टवेअरचा परवाना दुसऱ्याच्या नावे होतो का, तेही आधी तपासा. पुष्कळदा होत नाही.

सगळ्यांत जास्त अर्ज अडतात ते मूल्यांकनावर. वापरलेल्या यंत्राची किंमत म्हणून लोक खरेदीचं जुनं बिल जोडतात. त्या बिलावरून आजची किंमत कळत नाही. हिशेबाच्या वहीत घसारा (वापराने दरवर्षी घटणारी किंमत) वजा होऊन यंत्र शून्यावर आलेलं असतं आणि बाजारात त्याला अजून गिऱ्हाईक असतं. मोठ्या रकमेच्या वस्तूसाठी सहसा आजचा बाजारभाव लागतो, आणि तोही तुमच्याशी संबंध नसलेल्या मूल्यांककाच्या सहीने. हा कागद कुणाकडेच तयार नसतो, त्यामुळे सुरुवात इथूनच करा. बऱ्याच ठिकाणी देणगी घेणाऱ्या संस्थेच्या पावतीवर फक्त वर्णन आणि तारीख असते, रक्कम नसते. ‘आकडा का नाही?’ म्हणून खिडकीशी हुज्जत घालून उपयोग नाही, किंमत ठरवणं देणाऱ्याचं काम आहे. करसवलत गृहीत धरू नका, आधी आपल्या लेखापालाला विचारा. काही देशांत ती फक्त पैशाच्या देणगीला मिळते, तर काही ठिकाणी वस्तूला मिळते पण कर्मचाऱ्यांच्या वेळेला नाही.

दुसरी अडचण मुदतीची. औषधांच्या देणगीबाबत जागतिक आरोग्य संघटनेची 2010 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की औषध घेणाऱ्या देशात पोचल्यावर त्याची किमान 1 वर्षाची मुदत शिल्लक हवी. माल गोदामातून निघताना नव्हे, पोचल्यावर. अर्ज भरताना तेरा महिने शिल्लक असलेला माल परवानग्या आणि प्रवास उरकून पोचतो तेव्हा अकराच महिने उरलेले असतात आणि खोकं तसंच बाजूला पडतं. डॉक्टरांना वाटलेले मोफत नमुने आणि रुग्णांनी परत केलेली औषधंही या तत्त्वांत बसत नाहीत. प्रयोगशाळेतल्या रसायनांची मुदत संस्थेकडून लेखी मागवा.

यंत्र देणार असाल तर देखभालीची नोंदवही आणि अलीकडचा कॅलिब्रेशनचा, म्हणजे यंत्राची मापं अचूक असल्याचा, दाखला लागतो. जागेचा तक्ता मात्र लोक कोराच ठेवतात. उणे 80 अंशांचा एक फ्रीझर मी अकरा दिवस व्हरांड्यात उभा पाहिला आहे, गुंडाळलेल्या प्लास्टिकसकट. दार दोन इंचांनी अरुंद निघालं होतं. रुंदी, विजेची जोडणी आणि खोलीतली हवा थंड ठेवायची सोय हे तिन्ही रकाने भरा. यंत्र फुकट आलं तरी वीज फुकट येत नाही, आणि ती कोण भरणार हे अर्जात नसलं तर अर्ज तपासणारी समिती हमखास विचारते.

शेवटचा अडथळा हितसंबंधाच्या पत्राचा. निष्कर्षांवर, ते प्रसिद्ध करण्यावर किंवा पुढच्या खरेदीवर आमचा कसलाही हक्क राहणार नाही, असं स्पष्ट लिहून द्यावं लागतं. ‘अहवालात आमच्या उत्पादनाचा गौरवपूर्ण उल्लेख व्हावा’ असं एक वाक्य घुसवलं की फाईल नैतिकता समितीकडे जाते आणि महिनोन्‌महिने तिथेच राहते. तुमचंच औषध किंवा उपकरण त्या चाचणीत असेल तर ते लपवू नका, पहिल्याच परिच्छेदात लिहा.

आणि स्वीकृतीपत्र हातात येईपर्यंत गाडी भरू नका. ‘तोंडी हो म्हणाले’ हे दारावरच्या पहारेकऱ्याला चालत नाही, आणि परतीचं भाडं तुमच्याच खिशातून जातं.