उत्तराखंडचे वणवे आणि विझवणाऱ्यांचा तुटवडा : पार्श्वभूमी

उत्तराखंडात वणव्यांचा हंगाम सरकारी दप्तरी १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. या काळात चिरपाइनची सुईसारखी वाळकी पाने, म्हणजे पिरूल, डोंगरउतारांवर साचत जातात. राज्यात सुमारे ४ लाख हेक्टरांवर चिरपाइन असल्याने जळायला काही कमी पडत नाही. कमी पडतात ती विझवणारी माणसे.

हा तुटवडा अलीकडचा नाही. १९११ ते १९१७ या काळात कुमाऊं या पूर्वेकडील डोंगराळ भागातील गावांलगतची रानेही ब्रिटिश सरकारने राखीव केली, चराई आणि गवतासाठीच्या जाळण्यावर बंधने आली, आणि १९२१ मध्ये बेगारीविरुद्धच्या, म्हणजे सक्तीच्या फुकट मजुरीविरुद्धच्या, आंदोलनाच्या भरात ही राखीव जंगले ठिकठिकाणी पेटवून देण्यात आली. पुढे निर्बंध काहीसे सैल झाले आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे, म्हणजे गावांनी स्वतःचे जंगल सांभाळण्याचे, नियम आले. जंगलात हक्क असणाऱ्याने आग विझवण्यास मदत केलीच पाहिजे, असे १९२७ च्या भारतीय वन कायद्याचे कलम ७९ आजही सांगते; पण हक्क आटत गेले, तरुण डोंगर सोडून खालच्या सपाट प्रदेशात गेले आणि कर्तव्य तेवढे कागदावर उरले. झाडे वाचवण्यासाठीच्या चिपको आंदोलनानंतर, १९८० च्या दशकाच्या आरंभी, १,००० मीटरच्या वर हिरव्या झाडांच्या तोडीवर बंदी आली. ती आवश्यकच होती, मात्र जुन्या जाळरेषांत, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यांत, उगवलेली झाडेही तिच्या आड सुरक्षित झाली, ही वनखात्याची तक्रार अगदीच खोटी नाही.

२०१६ मध्ये ४,००० हेक्टरांहून अधिक जंगल जळाले आणि आग विझवण्यासाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे बोलावली गेली. २०२४ च्या एप्रिलअखेरीस नैनितालच्या वेशीवर, उच्च न्यायालयाच्या वसाहतीपर्यंत ज्वाळा आल्या, तेव्हा भीमतालचे पाणी उचलून ती पुन्हा उडाली. हेलिकॉप्टरची छायाचित्रे सर्वत्र झळकली. प्रत्यक्षात बहुतेक आगी वनरक्षक आणि आगीवर नजर ठेवणारे हंगामी फायर वॉचर हिरव्या फांद्यांनी झोडपूनच विझवतात.

म्हणूनच त्या वर्षीचा एक निर्णय इतका वादग्रस्त ठरला. ऐन हंगामात वन कर्मचाऱ्यांना आणि खात्याच्या वाहनांना लोकसभा निवडणुकीच्या कामाला जुंपण्यात आले. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल राज्य सरकारला फटकारले आणि निवडणूक किंवा चारधाम यात्रेच्या कामासाठी या कर्मचाऱ्यांना वापरू नये, असे बजावले. रिक्त पदे भरण्याचा मुद्दाही त्याच वेळी पुढे आला. यापुढे कोणालाही अशा कामावर पाठवणार नाही, असे सरकारच्या वतीने सांगण्यात आले. राज्यातील मतदान १९ एप्रिललाच उरकले होते, हे लक्षात घेता या आश्वासनाचे मोल फारसे नव्हते. मतदानानंतरही आगी वाढतच गेल्या, तेव्हा सारा दोष निवडणुकीवर ढकलणे चुकीचे आहे, असे सरकारची बाजू मांडणारे म्हणतात. परंतु जाळरेषा साफ करणे आणि पिरूल नियंत्रितपणे जाळून टाकणे ही कामे आग लागण्यापूर्वीची असतात, आणि निवडणुकीच्या तयारीचे आठवडे नेमके त्याच वेळी आले होते, याकडे या युक्तिवादात काणाडोळा होतो.

१३ जून रोजी, म्हणजे हंगाम संपायला दोन दिवस उरले असताना, अल्मोडा जिल्ह्यातील बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले चार जण होरपळून मरण पावले. जखमींपैकीही काही जण पुढे रुग्णालयात दगावले. जागीच गेलेल्या चौघांत बीट, म्हणजे नेमून दिलेला जंगलाचा भाग, सांभाळणारा वन कर्मचारी एकच होता; उरलेल्यांत एक फायर वॉचर, एक रोजंदार मजूर आणि एक प्रांतीय रक्षक दल या राज्याच्या स्वयंसेवी दलाचा जवान. सरकारने वरिष्ठ वनाधिकाऱ्यांना निलंबित केले.

त्याआधी मे महिन्यातच पिरूलचा खरेदीदर किलोमागे ३ रुपयांवरून ५० रुपयांवर नेण्याची घोषणा झाली होती, जेणेकरून गावकऱ्यांनीच ते जंगलातून उचलून आणावे. ते उचलायला गावात माणसे लागतात, आणि २००१ ते २०११ या दशकात ज्या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या घटल्याची नोंद जनगणनेत झाली, ते पौडी आणि अल्मोडा हे चिरपाइनच्याच पट्ट्यातले जिल्हे आहेत.