काटा तापमान दाखवत नाही

जुन्या गाडीत नवे इंजिन बसवून ती पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्यांना अखेरच्या टप्प्यात हटकून एक कोडे पडते. इंजिन सुरेख चालते, गिअर विनातक्रार पडतात, पण डॅशबोर्डवरच्या मूळ तबकड्यांना मात्र नव्या इंजिनाशी काही देणेघेणे नसावे असे दिसते. जागेवर मिनिटाला 900 फेऱ्यांनी शांत फिरणारे इंजिन आरपीएम मीटरवर 1800 फेरे दाखवते आणि तापमानाचा काटा तासभर गाडी चालवूनही थंडाच्या खुणेपाशीच रेंगाळतो. जुन्या गाड्यांना स्वभाव असतो असे मानणाऱ्यांना यात आणखी एक पुरावा सापडतो. वास्तविक बहुतेक वेळा मीटर बिघडलेले नसते. त्याच्याविषयीची आपली समजूत चुकीची असते.

आरपीएम मीटरचा हिशेब सोपा आहे. चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा ठिणगी पडते. म्हणजे चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात 2 ठिणग्या, तर आठ सिलिंडरच्या इंजिनात 4. जुने इलेक्ट्रॉनिक मीटर फेरे मोजतच नाही, ते ठिणग्या मोजते. त्यामुळे चार सिलिंडरसाठी बनवलेल्या मीटरला आठ सिलिंडरचे इंजिन जोडले की आकडा दुप्पट होतो. अनेक नव्या इंजिनांत तर प्रत्येक सिलिंडरला ठिणगी देणारी स्वतंत्र कॉइल असते, त्यामुळे सगळ्या ठिणग्या एकाच तारेवर मोजायला मिळत नाहीत आणि ईसीयूकडून, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाकडून, येणारा संकेत मीटरला समजेल अशा रूपात बदलून घ्यावा लागतो.

तापमानाच्या मीटरचे प्रकरण याहून कितीतरी रंजक आहे. जुन्या गाड्यांतील एका फार प्रचलित प्रकारच्या मीटरची काच आणि तबकडी काढली, की आत एक इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची पातळ धातूची पट्टी दिसते आणि तिच्या एका बाहूवर केसासारखी बारीक तार गुंडाळलेली असते. ही द्विधातू पट्टी होय. एकमेकांना घट्ट जोडलेल्या दोन धातूंपैकी एक उष्णतेने अधिक प्रसरण पावतो आणि दुसरा कमी, म्हणून तापल्यावर पट्टी वाकते. कमी प्रसरणासाठी अशा पट्ट्यांत सहसा इन्व्हार हे लोखंड आणि निकेल यांचे मिश्रधातू वापरतात. शार्ल एदुआर गियोम यांनी ते 1896 मध्ये शोधले आणि निकेलयुक्त पोलादावरील कामासाठी त्यांना 1920 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तारेतून विद्युतधारा गेली की तार तापते, पट्टी वाकते आणि काटा सरकतो. म्हणजे हा काटा इंजिनाचे नव्हे, तर डॅशबोर्डच्या आत बसलेल्या एका चिमुकल्या तारेचे तापमान दाखवत असतो.

मग उन्हात उभ्या केलेल्या गाडीत काटा आपोआप का चढत नाही? त्याचे उत्तर त्या आकारात आहे. उन्हाने दोन्ही बाहू सारखेच वाकतात आणि त्यांचा परिणाम परस्परांत विरून जातो. तार गुंडाळलेला बाहू जेवढा अधिक वाकेल तेवढाच फरक काट्यापर्यंत पोहोचतो.

दुसरी अडचण विभवांतराची. तारेत निर्माण होणारी उष्णता विभवांतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. बॅटरीचे 12.5 व्होल्ट गाडी चालू झाल्यावर 14.4 झाले, तर विभवांतर 15 टक्के वाढते, पण उष्णता सुमारे 33 टक्के. यासाठी मीटरच्या आधी एक छोटी डबी बसवलेली असते, स्टॅबिलायझर. तिच्यातही तार गुंडाळलेली द्विधातू पट्टीच असते! पट्टी तापली की वाकून संपर्क तोडते, थंड झाली की पुन्हा जोडते, आणि ही उघडझाप अखंड चालू राहते. पुरवठा 14 व्होल्ट असेल तर संपर्क जवळपास निम्मा वेळ जोडलेला राहतो, 12 व्होल्ट असेल तर दोन तृतीयांशाहून थोडा अधिक, आणि दोन्ही वेळा मीटरला मिळणारी उष्णता 10 व्होल्टच्या स्थिर पुरवठ्याइतकीच असते. मीटर मुळातच मंद असल्याने त्याला या उघडझापेचा पत्ताही लागत नाही. पेट्रोल आणि तापमान हे दोन्ही काटे एकाच वेळी वर चढलेले दिसले, तर संशयित ही डबीच असते.

आता धारा किती जावी, हे ठरवतो इंजिनात बसवलेला तापमानाचा संवेदक, सेंडर. तो थर्मिस्टर असतो; इंजिन थंड ठेवणारे पाणी तापले की त्याचा रोध घटतो आणि धारा वाढते. मीटर आणि सेंडर ही एकाच यंत्राची दोन अर्धुके आहेत. जुन्या मीटरला इंजिन गरम असताना दोन अंकी ओहमचा रोध अपेक्षित असतो, तर ईसीयूसाठी बनवलेल्या एका सर्रास वापरल्या जाणाऱ्या सेन्सरचा रोध 20 अंश सेल्सिअसला सुमारे 2500 ओहम आणि 100 अंशांना सुमारे 186 ओहम असतो. एवढ्या रोधातून जाणारी धारा तारेला धड कोमटही करत नाही, म्हणून काटा पडून राहतो.

यावर 'समांतर एक रोधक जोडा' हा सल्ला हमखास मिळतो. तो तपासून पाहू. समजा, मीटरला गरम स्थितीत 60 ओहम हवे आहेत. 186 ओहमला समांतर साधारण 89 ओहमचा रोधक जोडला की बरोबर 60 मिळतात. पण थंड स्थितीत तोच रोधक 2500 ओहमला समांतर येतो आणि एकूण रोध होतो सुमारे 86. म्हणजे 20 ते 100 अंशांच्या प्रवासात रोध 86 वरून 60 वर, एवढाच हलतो. गाडी सुरू करतानाच काटा निम्मा चढलेला असतो. एक बिंदू जुळवता येतो, तापमानानुसार रोध बदलण्याचा सगळा वक्र जुळत नाही. त्याहून वाईट म्हणजे ईसीयूचाच सेन्सर मीटरला जोडणे. मीटरकडून येणाऱ्या जादा विभवांतरामुळे ईसीयूला इंजिन थंडगार असल्याचा भास होतो आणि ते विनाकारण जास्त पेट्रोल सोडते, किंवा सरळ दोष नोंदवते.

सर्वांत साधा आणि माझ्या मते सर्वांत चांगला उपाय म्हणजे जुना सेंडरच नव्या इंजिनात बसवणे. आटे जुळत नसतील तर मधे अ‍ॅडॅप्टर घालावा लागतो, पण तो फार लांब नसावा. सेंडरचे टोक वाहत्या पाण्यात बुडालेले नसेल तर काटा कमी दाखवतो. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढेही आवरते घ्यावेत, कारण एका तारेच्या सेंडरचे अर्थिंग त्या आट्यांतूनच होते.

जुन्या सेंडरसाठी जागाच नसेल, तर नव्या इंजिनात मीटरसाठी वेगळा सेन्सर बसवून त्याचा रोध वाचणारा आणि मीटरला ठरावीक प्रमाणात तुटक वीज देणारा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा छोटा संगणक, वापरता येतो. अशा पेट्या 'लावा आणि विसरा' म्हणून विकल्या जातात, त्यावर विश्वास ठेवू नये. आपल्या मीटरचा वक्र आपल्यालाच मोजावा लागतो. मूळ सेंडर आणि थर्मामीटर पाण्याच्या भांड्यात सोडून 40, 60, 80 आणि उकळबिंदूपाशी रोध नोंदवायचा, त्या रोधांना काटा कुठे थांबतो ते पाहायचे आणि तेच आकडे मायक्रोकंट्रोलरला द्यायचे. प्रत्येक नोंदीपूर्वी काटा पूर्ण स्थिरावेपर्यंत थांबावे, कारण त्या तारेला तापायला वेळ लागतो.