दीड मिलिमीटरची मेहेरबानी

जुना डीएसएलआर (लेन्समागे उठणारा आरसा असलेला डिजिटल कॅमेरा) आणि त्याहून जुनी, फिल्मच्या जमान्यातली लेन्स यांचं जमेल की नाही, हे बहुतेक वेळा एकाच अंतरावर ठरतं. माउंटच्या, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या जागेच्या, धातूच्या कड्यापासून प्रतिमा टिपणाऱ्या सेन्सरपर्यंतचं हे अंतर म्हणजे फ्लँज डिस्टन्स. कॅनन ईएफमध्ये ते ४४ मिलिमीटर आहे, निकॉन एफमध्ये ४६.५, आणि एके काळी अनेक कंपन्यांनी वापरलेल्या एम४२ या आट्यांच्या माउंटमध्ये ४५.४६.

फोकसची रिंग अनंताच्या खुणेवर नेली की दूरच्या डोंगराची प्रतिमा नेमकी याच अंतरावर उमटावी, अशी लेन्सची रचना असते. त्यामुळे हिशेब वजाबाकीचा. एम४२ लेन्स कॅननवर लावायची तर ४५.४६ वजा ४४, म्हणजे १.४६ मिलिमीटर जागा उरते. तेवढ्या जाडीची धातूची कडी, म्हणजेच अ‍ॅडॉप्टर, बसवली की काम झालं. आत ना काच, ना सर्किट.

तीच लेन्स निकॉनवर लावली तर ती सेन्सरपासून १.०४ मिलिमीटर जास्तच लांब राहते. एवढ्याशा फरकाने काय होतं? ५० मिलिमीटर फोकल लेंग्थची लेन्स घ्या आणि न्यूटनचं सूत्र लावा. फोकल लेंग्थचा वर्ग भागिले जादा अंतर, म्हणजे २५०० भागिले १.०४. उत्तर येतं साधारण २.४ मीटर. त्यापलीकडे फोकस जातच नाही, आणि हेही अ‍ॅडॉप्टरची जाडी शून्य धरून! समोरच्या माणसाचा चेहरा टिपता येईल, त्यामागचं घर नाही. २८ मिलिमीटरच्या वाइड लेन्सला तर ही मर्यादा पाऊण मीटरच्या आसपास येते.

भिंग बसवलेले अ‍ॅडॉप्टर यावर मिळतात. पण ते भिंग सौम्य टेलिकन्व्हर्टरसारखं वागतं. फोकल लेंग्थ थोडी वाढते, प्रकाश घटतो, आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं छिद्र, पूर्ण उघडलं की चित्र मऊ पडतं. चांगल्या लेन्समागे स्वस्त काच लावण्यात मला तरी काही हशील दिसत नाही.

गंमत अशी की, निकॉनच्या लेन्स अडीच मिलिमीटरच्या अ‍ॅडॉप्टरवर कॅननला सुखाने बसतात. कॅननच्या स्वतःच्या जुन्या एफडी लेन्स मात्र १९८७ साली आलेल्या ईएफ माउंटला चालत नाहीत, कारण त्यांचं अंतर ४२ मिलिमीटरच!

अंतर जुळलं तरी आरसा आडवा येऊ शकतो. २००५ च्या ईओएस ५डी चा सेन्सर फुल फ्रेम, म्हणून आरसाही मोठा. काही लेन्स अनंतावर नेल्या की त्यांचं मागचं टोक आत सरकतं आणि उठणारा आरसा त्याच्यावर आपटतो. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात आरसा लहान असल्याने तीच लेन्स बहुधा निभावून जाते.

आता अ‍ॅपर्चर. बऱ्याच एम४२ लेन्स उलट्या धरून पाहिल्या तर काठाशी एक बारीक पिन दिसते. ती दाबली की अ‍ॅपर्चरची पाती मिटतात. फिल्म कॅमेरा शटर उघडण्याच्या क्षणी ती दाबायचा. डिजिटल कॅमेऱ्यात तशी सोय नाही. म्हणून बऱ्याच अ‍ॅडॉप्टरची आतली कड ती कायमच दाबून ठेवते. परिणामी रिंग एफ/२ वरून एफ/८ वर नेली की व्ह्यूफाइंडरमध्ये सोळापट कमी प्रकाश येतो. तेव्हा आधी उघड्या अ‍ॅपर्चरवर फोकस करायचा, मग रिंग फिरवायची. एव्ही मोडमध्ये, म्हणजे अ‍ॅपर्चर आपण ठरवतो तेव्हा, कॅनन शटरचा वेग स्वतः ठरवतो. निकॉन डी७० किंवा डी४० वर इलेक्ट्रॉनिक चिप नसलेली लेन्स लावली तर प्रकाश मोजणारा मीटरच बंद होतो. मग सगळं हाताने ठरवायचा एम मोड, अंदाज आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख.

अनंताच्या खुणेवर मात्र विसंबू नका. अनंत हुकू नये म्हणून पुष्कळ अ‍ॅडॉप्टर किंचित पातळ बनवलेले असतात, त्यामुळे रिंग टोकाला नेली की फोकस अनंताच्याही पुढे जातो. कॅमेऱ्यात लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर थेट चित्र) असेल, जसा २००७ च्या ईओएस ४०डी मध्ये आहे, तर चित्र दहापट मोठं करून लांबच्या झाडाच्या फांद्या पाहा आणि रिंग टोकापासून जराशी मागे घ्या.