पार्श्वभूमी : प्रयोगशाळेतील तराजू आणि त्याच्या आकड्यामागचा संकेत

अठराव्या शतकात तराजूने रसायनशास्त्राला काटेकोरपणा शिकवला, ही कथा परिचित असल्याने येथे तिचा विस्तार करण्याचे कारण नाही. एवढेच नोंदवायला हवे की त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे तोलण्याची मूळ रीत तीच राहिली. दांडी अकीकाच्या धारेवर टेकलेली, एका पारड्यात नमुना आणि दुसऱ्यात वजने. हवेतून वेगळा केलेला नायट्रोजन हा संयुगांपासून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्ध्या टक्क्याने जड भरतो, हे याच रीतीने उघड झाले, आणि त्या फरकाचा पाठपुरावा करताना 1894 मध्ये आरगॉन हाती लागला. 1940च्या दशकात एकाच पारड्याचे तराजू आले. त्यांत नमुना ठेवल्यावर त्याच बाजूची वजने उचलली जात, त्यामुळे काम झपाट्याने होऊ लागले. तरीही जे घडत होते, ती वस्तुमानाची वस्तुमानाशी तुलनाच होती.

खरा बदल 1970च्या दशकात झाला. विद्युतचुंबकीय तराजूत नमुन्याचा भार पेलण्यासाठी तारेच्या वेटोळ्यातून जेवढा प्रवाह सोडावा लागतो तो मोजला जातो. म्हणजे हे उपकरण थेट बल मोजते आणि त्यावरून ग्रॅम काढून दाखवते. गुरुत्वाकर्षणाचे त्वरण विषुववृत्तावर 9.780, तर ध्रुवांवर 9.832 मीटर प्रति सेकंद वर्ग असते. हा फरक अर्ध्या टक्क्याचा आहे, आणि चौथ्या दशांश स्थानापर्यंत वाचणाऱ्या उपकरणासाठी तो प्रचंड आहे. त्यामुळे असा तराजू जागेवर प्रमाणित वजनाने जुळवून घ्यावाच लागतो. आज बहुतेक चांगल्या तराजूंच्या पोटात त्यासाठी एक वजन बसवलेले असते, आणि जुळवणी आपोआप होत असल्याने त्यामागे काय दडले आहे याकडे वापरणाऱ्याचे लक्ष जात नाही.

जे दडले आहे तो हवेच्या उत्प्लावनाविषयीचा एक संकेत आहे. कोणतीही वस्तू हवेत तोलली की तिने बाजूला सारलेल्या हवेच्या वजनाइतकी ती हलकी भासते, आणि हा परिणाम तिच्या घनतेवर अवलंबून असतो. व्यवहारात प्रत्येक वजनाची घनता मोजत बसणे अशक्य होते. म्हणून 1970च्या दशकातच एका आंतरराष्ट्रीय शिफारशीने आदर्श परिस्थिती ठरवून टाकली : 20 अंश सेल्सिअस तापमान, हवेची घनता 1.2 आणि संदर्भ वजनाची घनता 8000 किलोग्रॅम प्रति घनमीटर. या परिस्थितीत जे आदर्श वजन नमुन्याला तोलून धरेल, त्याचे वस्तुमान हे नमुन्याचे संकेतमान्य मूल्य. पोलादाची घनता 8000च्या आसपास असल्याने पोलादी वजनांसाठी ही सोय उत्तम ठरली.

मात्र त्याआधी पितळी वजनांना धरून सुमारे 8400 घनतेचा संकेतही वापरात होता. दोन्ही संकेतांनी एकाच किलोग्रॅमच्या वजनाला दिलेल्या मूल्यांत सुमारे 7 मिलिग्रॅमचे अंतर पडते, आणि उच्च दर्जाच्या एका वर्गातील (ई-2) एक किलोग्रॅम वजनाला परवानगी असलेली चूक जेमतेम 1.6 मिलिग्रॅम आहे. जुन्या नोंदींत कोणता संकेत वापरला ते लिहिलेले नसेल, तर वजन वर्गात बसते की नाही हेच ठरवता येत नाही. शिफारशीच्या मूळ शीर्षकात ‘हवेत केलेल्या तोलनाचे मूल्य’ असे सावध शब्द आहेत. प्रमाणपत्रांतून आणि माहितीपुस्तिकांतून मात्र त्याचे सरळ ‘वस्तुमान’ झाले. या शिथिलतेची किंमत संशोधनाला आजही मोजावी लागते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

याची व्याप्ती आकड्यांतच दिसते. पोलादी वजनाने जुळवलेल्या तराजूवर एक ग्रॅम पाणी सुमारे 1.05 मिलिग्रॅमने कमी भरते. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पिपेट तपासताना ही तूट धरावीच लागते : 20 अंशांना तराजूवर दिसलेल्या प्रत्येक मिलिग्रॅम पाण्यामागे 1.0029 मायक्रोलीटर घ्यावे लागतात, आणि त्या गुणकात एकाच्या वर जे 0.0029 आहे, त्यातील एक तृतीयांशाहून अधिक वाटा उत्प्लावनाचा आहे. उरलेला वाटा पाण्याच्या घनतेचा. उलट, प्लॅटिनमसारखा जड धातू प्रत्यक्षापेक्षा जास्त भरतो. हवेतील सूक्ष्म कणांचा अभ्यास करणारे गाळणी आधी आणि नंतर तोलून वजाबाकी करतात, त्यामुळे गाळणीपुरता हा दोष बराचसा कटतो. तेथे खरी झुंज आर्द्रता आणि स्थिर विद्युतभार यांच्याशी असते. म्हणूनच गाळण्या ठरावीक तापमानात व आर्द्रतेत बराच काळ ठेवून मगच तराजूवर घेतल्या जातात.

या पार्श्वभूमीवर 2019चा निर्णय पाहायला हवा. 1889 पासून किलोग्रॅमची व्याख्या पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या, 90 टक्के प्लॅटिनम आणि 10 टक्के इरिडियमच्या दंडगोलावर टेकलेली होती. त्याच्या अधिकृत प्रती शतकभरात मूळ नमुन्यापासून सुमारे 50 मायक्रोग्रॅमने दूर गेल्याचे दिसले, आणि प्रदीर्घ चर्चेनंतर 20 मे 2019 पासून प्लांकच्या स्थिरांकाला (पुंजभौतिकीतील एका मूलभूत राशीला) ठरावीक मूल्य देऊन किलोग्रॅमची नवी व्याख्या लागू झाली. तत्त्वतः हा निर्णय योग्यच होता. परंतु त्या दंडगोलाशी पोलादी किलोग्रॅमची हवेत तुलना केली की उत्प्लावनामुळे सुमारे 94 मिलिग्रॅमचा फरक दिसतो, म्हणजे ज्या विचलनाची एवढी चर्चा झाली त्याच्या जवळजवळ दोन हजार पट. ही दुरुस्ती प्रत्येक पायरीवर हवेची घनता मोजून करावी लागते, आणि नव्या व्याख्येनेही ती टळलेली नाही, कारण प्रत्यक्ष वस्तुमान निर्वात अवस्थेत ठरवले तरी पोलादी वजन शेवटी हवेतच तोलायचे असते.

व्याख्या बदलल्यावरही निरनिराळ्या प्रयोगांची उत्तरे पुरेशी जुळत नसल्याने सध्या सर्वांनी मिळून ठरवलेले मूल्य वापरले जाते. 2023च्या मूल्यानुसार जुन्या दंडगोलाचे वस्तुमान एक किलोग्रॅमपेक्षा 7 मायक्रोग्रॅमने कमी धरले आहे, आणि त्याची प्रमाण अनिश्चितता 20 मायक्रोग्रॅम आहे. प्रयोगशाळांतील पोलादी वजनांची प्रमाणपत्रे मात्र आजही 8000 घनतेच्या त्याच संकेतावर दिली जातात.